गप्पी माशांचं बियाणं राखूया

पावसाळा आला की आशाताई घरोघरी फिरतात, हौदात डोकावतात आणि विचारतात, "गप्पी मासे सोडलेत ना?" आपण सोडलेले असतात. पण हौद धुताना ते पाण्याबरोबर वाहून जातात, नाहीतर उन्हाळ्यात हौद कोरडा पडला की मरतात. मग पुन्हा आरोग्य केंद्रातून आणायचे. त्यापेक्षा घरचं बियाणं राखतो तसं गटातल्या दोघी-तिघींनी गप्पी माशांची टाकी राखली तर? ती कशी राखायची, ते आज आम्ही सांगणार आहोत.

गप्पी हे नाव आपल्या गप्पांवरून आलेलं नाही बरं का! हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली त्याचे नमुने तिथून लंडनच्या संग्रहालयात पाठवले, म्हणून हे नाव पडलं. डासाच्या अळ्या हे त्याचं आवडतं खाणं. डेंग्यूचा डास आपल्या साठवणीच्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. गप्पी त्यांना अळी असतानाच गट्ट करतो.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असली की पुरे. त्यात पन्नासेक लिटर पाणी मावतं. काचेची नसेल तर प्लास्टिकचा मोठा टब चालेल. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, ती माशांना मारक ठरते. म्हणून पाणी दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच वापरा. टाकी उजेडाच्या जागी ठेवा, पण कडक उन्हात नको. वर जाळी बांधा, म्हणजे मांजर तोंड घालणार नाही. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. सगळं पाणी एकदम बदललं तर मासे दगावतात.

नर लहान आणि रंगीत, मादी मोठी आणि फिकट. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. नर जास्त झाले तर ते माद्यांचा सारखा पाठलाग करून त्यांना दमवतात.

गप्पी मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. गाभण मादीचं पोट फुगतं आणि पोटाच्या मागच्या बाजूचा काळसर डाग गडद होतो. साधारण चार आठवड्यांनी ती वीस-तीस पिल्लं देते, कधी जास्तही. नराशी एकदा संबंध आला की पुढचे काही महिने नराशिवायही ती पुन्हा पुन्हा पिल्लं देऊ शकते. म्हणजे एका गाभण मादीपासूनही टाकी सुरू होते.

खरी काळजी इथून पुढे. मोठे मासे, अगदी आईसुद्धा, पिल्लं खाऊन टाकतात. पिल्लं वाचली तरच बियाणं वाढणार. म्हणून टाकीत पाण्यात वाढणारं गवत दाट ठेवा, त्यात पिल्लं लपतात. किंवा मादीला वेगळ्या टबात ठेवा आणि पिल्लं झाली की तिला परत टाकीत सोडा.

पिल्लांना माशांच्या खाद्याची बारीक पूड द्या. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलकही चालतो, पण अगदी चिमूटभर. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. उरलेलं खाणं कुजतं आणि पाणी नासतं. दोन-तीन महिन्यांत पिल्लं स्वतः पिल्लं देण्याजोगी होतात. एकाच घरातले मासे वर्षानुवर्षं वाढवले तर वाण कमजोर होतो. म्हणून अधूनमधून दुसऱ्या गटाशी नरांची अदलाबदल करा.

आता मासे कुठे सोडायचे? वापराच्या पाण्याचा हौद, गुरांच्या पाण्याची सिमेंटची टाकी, बांधलेलं कारंजं अशा ठिकाणी. हौद धुण्याआधी मासे बादलीत काढून घ्या. साबण, फिनेल लागलेल्या पाण्यात ते जगत नाहीत. पिण्याच्या पाण्यात मात्र सोडू नका, ती भांडी झाकूनच ठेवा.

आणि ही गोष्ट गाठीला बांधा: नदी, ओढा, तळं, विहीर इथे गप्पी कधीही सोडायचे नाहीत. हा परका मासा भराभर वाढतो, आपल्याकडच्या माशांची आणि बेडकांची अंडी-पिल्लं खातो. आपल्या तळ्यातले लहान मासेही अळ्या खातातच, त्यांना हुसकावून काय मिळवणार? नको झालेले मासे दुसऱ्या गटाला द्या किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

टायर, करवंट्या, कुंडीखालच्या ताटल्या, कूलर इथे गप्पी पोचत नाही. तिथलं पाणी आठवड्यातून एक दिवस ओतून कोरडं करायचं काम आपलंच. मासा हौद सांभाळेल, अंगण आपण सांभाळू.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि टाकी कोणाकोणाच्या घरी ठेवायची ते ठरवा.