पुढच्या चाकाने चालणारी रिकम्बंट सायकल

लहान मुलांच्या तीनचाकी सायकलीची पेडले पुढच्याच चाकाला बसविलेली असतात. मूल उजव्या पायाने जोर लावते तेव्हा हँडल डावीकडे वळू पाहते. डाव्या पायाने लावते तेव्हा उजवीकडे. मूल कोणी न शिकविता हँडल आवळून हा हिसका सावरून घेते. तीन चाकांची गाडी सहसा कलंडत नाही, म्हणून ही गोष्ट कोणाच्या फारशी ध्यानात येत नाही. हाच हिसका दोन चाकांच्या गाडीत आला म्हणजे काय होते, हे पुढच्या चाकाने चालणाऱ्या रिकम्बंट सायकलीवर प्रथमच बसणाऱ्यास तत्काळ कळून येते. वर्षानुवर्षे साधी सायकल चालविलेला मनुष्यही थोडे अंतर जातो न जातो तोच तोल जाऊन पाय टेकतो.

रिकम्बंट म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवावयाची सायकल. सपाट रस्त्यावर ताशी 25 ते 30 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यातच खर्च होते. रेलून बसल्याने वाऱ्याला अंगाचा आडोसा कमी होतो. याचा ठळक पुरावा पॅरिसमध्ये 1933 साली मिळाला. शार्ल मोशे याने बनविलेल्या अशा सायकलीवर फ्रान्सिस फोर याने एका तासात 45.055 किलोमीटर अंतर तोडले आणि ऑस्कर एग याचा 1914 पासूनचा 44.247 किलोमीटरचा विक्रम मोडला. फोर हा काही त्या काळचा अग्रगण्य शर्यतपटू नव्हता. श्रेय सायकलीचेच होते. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने 1934 साली सायकलीची व्याख्याच अशी बांधली की रिकम्बंट तिच्याबाहेर पडली!

मोशेची सायकल मागच्या चाकाने चालत असे, आणि आजही बहुतेक रिकम्बंट तशाच असतात. परंतु पेडले अगदी पुढे आणि चालविणारे चाक अगदी मागे असल्यामुळे त्यांची साखळी साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब होते, आणि वाटेत तिला कप्प्यांचा आधार द्यावा लागतो. पुढचेच चाक चालविले तर साखळी आखूड राहते. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात पेडले सांगाड्याला पक्की असतात आणि चाक वळताना साखळीला थोडा पीळ बसतो. दुसऱ्यात पेडले, साखळी, चाक आणि हँडल हे सारे पुढच्या चिमट्याला जोडलेले असून एकत्रच वळते. साखळीला पीळ नाही, टाचही चाकाला घासत नाही. मात्र तीनचाकीचा तो हिसका येथे पूर्णपणे उपस्थित असतो.

साध्या सायकलीवर तोल डावीकडे जाऊ लागला की स्वार नकळत हँडल डावीकडे वळवितो, आणि चाके पुन्हा त्याच्या भाराखाली येतात. ही सवय हातांची आहे. पाय तिच्यात पडत नाहीत. येथे मात्र प्रत्येक रेट्याबरोबर पाय हँडल फिरवितात. घाबरलेला नवशिक्या जोराने पेडल मारतो, हँडल भलतीकडे जाते, तो दचकून ते उलट ओढतो, आणि गाडी नागमोडी जाऊन आडवी होते. यावर उपाय असा की ज्या बाजूचा पाय रेटा देतो त्याच बाजूच्या हाताने हँडल हलकेच आपल्याकडे ओढावे. उजवा पाय, उजवा हात. डावा पाय, डावा हात.

हे वाचून समजते, पण अंगात मुरण्यास वेळ लागतो. म्हणून आरंभ मोकळ्या मैदानात, अगदी सौम्य उतारावर करावा. प्रथम पेडलांना स्पर्शही न करता, पाय जमिनीलगत ठेवून गाडी नुसती घरंगळू द्यावी. तोल साधू लागल्यावर पाय पेडलांवर ठेवावेत, पण फिरवू नयेत. त्यानंतर हलक्या गिअरमध्ये सावकाश पेडल मारावे. खांदे सैल असावेत. हँडल घट्ट आवळणाऱ्याचे हात पायांना साथ देण्याऐवजी त्यांच्याशी झगडत बसतात. रहदारीच्या रस्त्यावर जाण्याची घाई मुळीच करू नये. थांबलेल्या स्थितीतून निघणे हा भाग सर्वांत कठीण. ब्रेक दाबून, एक पेडल वर घेऊन, पहिला रेटा देतानाच त्या बाजूच्या हाताने हँडल सावरावे लागते.

या गाडीचा खरा दोष ओल्या चढावर दिसतो. चढावर भार मागच्या चाकाकडे सरकतो, आणि जे चाक ओढावयाचे त्याचीच पकड सुटते. अशा वेळी पाठ बैठकीपासून उचलून पुढे झुकले असता पुढच्या चाकावर वजन येते. वाळू किंवा सुटी खडी असलेल्या चढावर एवढ्याने भागेलच असे नाही. तेथे उतरून गाडी ढकलणेच शहाणपणाचे. तीव्र वळणावरही पेडल मारणे थांबवावे, कारण चाकाबरोबर दोन्ही पाय बाजूला वळतात आणि गुडघा हँडलला लागण्याचा संभव असतो.

वळण्याची खूण करण्यास एक हात सोडावा लागतो. तेवढ्यापुरता पायांचा जोर कमी करावा. सरावलेल्या स्वारास याचेही भान ठेवावे लागत नाही. काहीजण तर दोन्ही हात सोडून, केवळ पायांच्या कमीअधिक रेट्याने गाडी हवी तिकडे वळवितात.