एकच स्विच, अनेक जाळी : व्हीलॅनची मांडणी

गोदाकाठच्या गंगाखेडमधील एखादे दुमजली महाविद्यालय डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मजल्यावर एक इथरनेट स्विच आहे; कार्यालयाचे आणि प्रयोगशाळेचे संगणक दोन्ही मजल्यांवर विखुरलेले आहेत. स्विच आहेत तसेच वापरले, तर हे सर्व संगणक एकाच जाळ्यात येतात आणि गुणपत्रके ठेवलेला संगणक प्रयोगशाळेतील कोणालाही थेट गाठता येतो. नवी तार न टाकता असे विभाग वेगळे करण्याच्या पद्धतीस व्हीलॅन म्हणतात. ‘व्हर्च्युअल’साठी रूढ झालेला ‘आभासी’ हा शब्द येथे दिशाभूल करणारा आहे; तार एक असली तरी विभागणी खरी असते. ‘तार्किक’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो.

सिस्को कंपनीच्या ‘पॅकेट ट्रेसर’ या सिम्युलेटरमध्ये दोन २९६० स्विच एकमेकांना जोडा आणि प्रत्येकाला दोन संगणक जोडा. चारही संगणकांना १९२.१६८.१.१ ते १९२.१६८.१.४ असे एकाच पट्ट्यातील पत्ते द्या. अनेक जण आरंभीच दोन विभागांना निरनिराळे पट्टे देतात आणि ‘पिंग’ अयशस्वी झाले की व्हीलॅन सिद्ध झाले असे मानतात. परंतु पट्टे वेगळे असतील, तर राउटरवाचून व्हीलॅन नसतानाही पिंग अयशस्वीच होते. म्हणून प्रथम सर्वांचे परस्परांशी पिंग होते, हे पाहून घ्या.

आता दोन्ही स्विचवर व्हीलॅन १० (कार्यालय) व व्हीलॅन २० (प्रयोगशाळा) निर्माण करा. संगणकांची पोर्ट ‘ॲक्सेस’ प्रकारची करून प्रत्येक पोर्टला योग्य तो क्रमांक द्या. एकाच मजल्यावरील कार्यालय व प्रयोगशाळा यांचा संपर्क तुटेल, आणि तो तुटणेच अपेक्षित आहे. मात्र दोन मजल्यांवरील कार्यालयांचाही संपर्क तुटलेला दिसेल. कारण स्विचमधील दुवा अजून व्हीलॅन १ मध्येच आहे.

हा दुवा दोन्ही बाजूंनी ‘ट्रंक’ करावा लागतो. दोन गावांमधील सामायिक तारेवरून चालणारा ‘ट्रंक कॉल’ आपल्यापैकी काहींना आठवत असेल. येथील अर्थ त्याच्याच जवळचा आहे, पेटीचा नव्हे. ट्रंकवरून जाणाऱ्या प्रत्येक चौकटीत स्विच ४ बाइटांची खूण घालतो. ८०२.१क्यू या मानकानुसार तीत व्हीलॅन क्रमांकासाठी १२ बिट असतात. ० आणि ४०९५ राखीव असल्याने ४०९४ क्रमांक वापरता येतात. पलीकडचा स्विच खूण वाचतो, काढून टाकतो आणि चौकट त्या क्रमांकाच्या पोर्टकडेच सोडतो. व्हीलॅन १ ची चौकट मात्र मूळ मांडणीत खुणेविनाच जाते.

कृती : दोन स्विचच्या मध्ये तिसरा स्विच जोडा. त्याचे दोन्ही दुवे ट्रंक करा, परंतु त्यावर व्हीलॅन १० निर्माण करू नका. कार्यालयांचे पिंग थांबेल, कारण स्वतःच्या यादीत नसलेल्या व्हीलॅनची चौकट स्विच पुढे पाठवत नाही. ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ ही आज्ञा रोमन लिपीत देऊन ती यादी तपासा, व्हीलॅन १० निर्माण करा आणि पुन्हा पिंग करून पाहा.