पोकलेनच्या लिव्हरखाली

पोकलेनचा बूम उचलणाऱ्या तेलाचा दाब ३०० बारच्या पुढे जातो. त्या तेलाला वाट देतो मुख्य व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे भोकात तंतोतंत बसणारी, खाचा पाडलेली पोलादी दांडी. वाहत्या तेलाचा रेटा आणि जाड स्प्रिंग यांच्याविरुद्ध ती दिवसभर हाताने सरकवायची तर ऑपरेटरच्या खांद्यांचं काही खरं नाही. म्हणून तिला तेलानेच ढकलतात.

हे पायलट तेल वेगळ्या, छोट्या गिअर पंपाचं. दाब जेमतेम ३५-४० बार. ते जॉयस्टिकच्या बुडाशी बसवलेल्या चिमुकल्या व्हॉल्व्हपर्यंत येतं. लिव्हर कलवला की तिथली स्प्रिंग दबते, छोटा स्पूल सरकतो आणि तेल पुढच्या नळीत शिरतं. पण नळीतला वाढता दाब याच स्पूलला उलटा रेटतो. स्प्रिंगचा जोर आणि हा रेटा जुळले की वाट मिटते. लिव्हर आणखी कलवला तर दाब आणखी चढल्याशिवाय तोल साधत नाही. सोडला तर नळीतलं तेल टाकीकडे परततं. लिव्हर किती कलला, ते असं दाबात उतरतं. सगळी करामत खरं तर इथेच आहे.

तो दाब मोठ्या स्पूलच्या टोकावर पोचतो. टोकाचा व्यास ३० मिमी धरला, तर २० बारला सुमारे १,४०० न्यूटन जोर मिळतो, म्हणजे जवळपास १४० किलो वजनाचा भार. समोरची स्प्रिंग जिथे या जोराला पुरी पडते, तिथे स्पूल थांबतो. मधल्या स्थितीत गळती कमी राहावी म्हणून स्पूलच्या कडा वाटेच्या थोड्या पलीकडे जातील अशा ठेवलेल्या असतात. त्यामुळे लिव्हर नुसता हलवला तर बूम ढिम्म. नवशिका इथेच जास्त ओढतो, आणि मग बूम उसळतो.

अलीकडच्या बऱ्याच मशीनमध्ये छोट्या स्पूलला सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचं चुंबक, ढकलतो. करंट वाढला की जोर वाढतो. करंट मुद्दाम किंचित थरथरता ठेवतात, नाहीतर घर्षणाने स्पूल अडखळतो. पुढचं सगळं तेच.

मात्र अशा व्हॉल्व्हला दिलेलं ‘प्रपोर्शनल’ हे नाव स्पूलच्या जागेपुरतंच खरं. वाट तेवढीच उघडी असली, तरी तेल किती जाईल हे तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतल्या फरकावर ठरतं. फरक चौपट झाला तर प्रवाह दुप्पट. बकेट रिकामी की दगडांनी भरलेली, यावर बूमचा वेग बदलतो तो यामुळे. हा फरक कायम राखायला कॉम्पेन्सेटर नावाचा आणखी एक व्हॉल्व्ह जोडतात. तो नसेल तर ऑपरेटर नजरेने अंदाज घेत लिव्हर कमीजास्त करतो.

सीटजवळचा सेफ्टी लिव्हर तोडतो तेही पायलट तेलच. मग जॉयस्टिक कशीही हलवा, मोठा स्पूल जागचा हलत नाही. उलट, अनेक मशीनमध्ये पायलट लाइनवर अ‍ॅक्युम्युलेटर असतो. इंजिन बंद पडलं तरी त्यात साठलेल्या दाबावर स्पूल थोडा वेळ सरकवता येतो, आणि बूम स्वतःच्या वजनाने खाली घेता येतो.