गोलरक्षक जेव्हा शिकवू लागतो

कविता लिहिणाऱ्या माणसाला हॉकीवर बोलायला बोलावले, याचे तुमच्याइतकेच मलाही नवल वाटले. पण बी.ए. करताना तीन वर्षे मी कॉलेजच्या संघाचा गोलरक्षक होतो. चांगला नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पळण्यात मागे पडणाऱ्या मुलाला गोलमध्ये उभे करायचे, हा त्या काळचा साधा हिशेब होता. क्रिकेटचे जुने पॅड बांधून मी उभा राहायचो. आम्हाला गोलरक्षण शिकवणारे कोणी नव्हते. सर म्हणायचे, ‘चेंडू आला की आडवा हो.’ माझे सगळे प्रशिक्षण एवढ्या पाच शब्दांतच आटोपले.

म्हणूनच एखादा नामांकित गोलरक्षक निवृत्तीनंतर मुलांना शिकवायला लागतो, असे वाचले की मी ती बातमी शेवटपर्यंत वाचतो. गोलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाजवळ शिकवण्यासारखे नेमके काय असते, यावर आज बोलू.

सुरुवात माझ्या गावापासून करतो. खालापूर तालुक्यातले आमचे लोधिवली मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर, चौकजवळ. 1 डिसेंबर 1982 चा दिवस. दिल्लीत आशियाई स्पर्धेतला हॉकीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. मी तेव्हा बारा वर्षांचा. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर रेडिओ लावलेला. दोन-तीन ट्रक थांबलेले, ड्रायव्हर-क्लीनर बाकड्यावर बसलेले, आम्ही पोरे उभी. पहिला गोल भारताने केला तेव्हा चहावाल्याने सगळ्यांना फुकट चहा जाहीर केला. मग पाकिस्तानचे गोल सुरू झाले. एक, दोन, तीन. चहा उकळत राहिला, कोणी मागितला नाही. सात गोल झाले. सामना संपायच्या आधीच रेडिओ बंद झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलाने मला विचारले, ‘गोलकीपर मीर नेगी. मीर म्हणजे तुमच्यातलाच ना रे?’ दुसऱ्याने विचारले, ‘काल तुमच्या घरी पेढे वाटले का?’ ती मुले वाईट नव्हती. घरी जे ऐकले तेच ती बोलत होती. पण मला उत्तर सुचले नाही. संध्याकाळी अब्बांना विचारले. अब्बा विहिरीवरून पाणी आणत होते. कळशी खाली ठेवून म्हणाले, ‘बेटा, हरल्यावर लोक आधी शेवटच्या माणसाकडे बघतात. त्याचं नाव नंतर बघतात.’

मीर रंजन नेगी मूळचे अल्मोड्याचे, पहाडी हिंदू घरातले, हे मला फार पुढे कळले. त्या संघाचा कप्तान मात्र मुसलमान होता, अलीगढ विद्यापीठात शिकलेला जफर इक्बाल. माझ्या वर्गातल्या मुलांना तेव्हा दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या. मलाही नव्हत्या. त्याच स्पर्धेत आपल्या महिलांच्या संघाने पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक जिंकले होते. पण लोकांच्या लक्षात राहिले ते सात गोल, आणि त्या सात गोलांखाली एकच नाव.

आता थोडा खेळाचा हिशेब बघू. हॉकीचे गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच असते. म्हणजे साधारण बारा फूट बाय सात फूट. गोल करायचा तर गोलभोवतीच्या अर्धवर्तुळातूनच फटका मारावा लागतो. तिथवर चेंडू पोचला, याचा अर्थ आघाडी, मधली फळी आणि बचावफळी, तिन्ही ठिकाणी काहीतरी चुकले आहे. दिल्लीतही आक्रमणाच्या नादात बचाव उघडा पडत गेला, असे जाणकार पुढे सांगत राहिले. पण पुढच्यांची चूक झाकायला मागे कोणीतरी असतो. गोलरक्षकाच्या मागे फक्त जाळी असते. नेगींवर पैसे घेतल्याचा आरोप झाला. त्याचा पुरावा कधीच पुढे आला नाही, तरी तो आरोप त्यांच्या नावाला चिकटून राहिला. भारताकडून खेळणे संपले. कस्टम्समधली नोकरी तेवढी उरली.

अशा माणसाने हॉकीचे तोंड पुन्हा पाहिले नसते तरी कोणी दोष दिला नसता. पण 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेपूर्वी प्रशिक्षक महाराजकिशन कौशिक यांच्याबरोबर गोलरक्षकांना तयार करण्याचे काम नेगींकडे आले. संघाचा कप्तान आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. गोलमध्ये आशिष बल्लाळ. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटला, निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. इथे फटका मारणारा गोलपासून अवघ्या साडेसहा मीटरच्या आत असतो. चेंडू सुटल्यावर विचार करायला वेळच नसतो. फटका मारणाऱ्याचा खांदा, पाय आणि नजर आधीच वाचावी लागते. बल्लाळने दोन फटके अडवले आणि भारताला बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळाले.

त्या बत्तीस वर्षांतही एक गंमत आहे. त्याआधीचे सुवर्णपदक 1966 चे, तेही बँकॉकमध्येच, आणि तेव्हाचा कप्तान एक गोलरक्षक होता. शंकर लक्ष्मण. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान. 1956, 1960 आणि 1964 असे तीन ऑलिंपिक ते खेळले, दोन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आले. 2006 मध्ये महू येथे आजारपणात, हलाखीत ते गेले. इतक्या मोठ्या माणसाजवळचे ज्ञान किती मुलांपर्यंत पोचले असेल, हा प्रश्न मला अजून सतावतो. पदके कपाटात ठेवता येतात. हाताची आणि नजरेची विद्या दुसऱ्याला दिली नाही तर माणसाबरोबर जाते.

नेगींनी ती विद्या दिली. 2002 मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी इंग्लंडला 3-2 असे हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हाही गोलरक्षकांचे प्रशिक्षक तेच होते.

तर गोलरक्षकाजवळ असे काय असते? पहिली गोष्ट, नजर. मैदानावरचे दहा जण चेंडूमागे धावतात. संपूर्ण सामना समोरून बघणारा एकटा गोलरक्षक. कोणता बचावपटू दमला, कोणाचा माणूस मोकळा सुटला, हे त्याला सगळ्यांत आधी दिसते. दुसरी गोष्ट, आवाज. दिसलेले सांगितले नाही तर उपयोग काय? पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षक धरून पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात. कोणी पुढे धावायचे, कोणी खांबाजवळ थांबायचे, हे गोलरक्षकच ठरवतो. म्हणजे तो खेळत असतानाच अर्धा प्रशिक्षक असतो. तिसरी गोष्ट, चूक पचवण्याची सवय. गोल झाला की आघाडीचा खेळाडू दुसऱ्या टोकाला पळतो. गोलरक्षक तिथेच उभा राहतो. जाळीतला चेंडू काढून देतो आणि पुन्हा सज्ज होतो.

पण एवढ्यावर चांगला प्रशिक्षक होत नाही. शिकवणे हा निराळा विषय आहे. आपल्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत 1961 पासून त्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळते, ते उगाच नाही. गोलरक्षकाला एक सवय तर मुद्दाम सोडावी लागते. त्याचे सारे आयुष्य चूक होऊ न देण्यात गेलेले असते. शिकवताना मात्र मुलांना चुकू द्यावे लागते. बाहेर बाकावर बसून गोल होताना बघायचा आणि हात मांडीवर ठेवायचे. हे जमायला वेळ लागतो.

कॉलेजच्या संघात तर हे आणखी अवघड. कॉलेजचा प्रशिक्षक दर तीन वर्षांनी नवा संघ बांधतो. मुले घडायला लागतात तोवर पदवी घेऊन निघून जातात. मध्ये परीक्षा, हजेरी, एस.टी.ची वेळ, घरच्यांची परवानगी. विशेषतः मुलींच्या बाबतीत प्रशिक्षक अर्धा पालक असतो.

गेल्या हिवाळ्यात मी हे जवळून पाहिले. माझी भाची कॉलेजच्या संघात गोलरक्षक आहे. तिचा सराव बघायला एका सकाळी गेलो. शिकवणाऱ्या बाई स्वतः एके काळी विद्यापीठाच्या गोलरक्षक. मैदान लाल मातीचे. गंमत म्हणजे बाई गोलसमोर उभ्याच नव्हत्या. जाळीच्या मागे उभ्या होत्या. म्हटले, ‘मॅडम, इथून काय दिसते?’ त्या म्हणाल्या, ‘तिला जे दिसतं तेच.’

त्यांनी एक दोरी आणली. तिची दोन टोके दोन खांबांना बांधली, आणि मधला भाग ताणून चेंडूजवळ खुंटीला अडकवला. जमिनीवर एक त्रिकोण तयार झाला. भाचीला म्हणाल्या, ‘गोलरेषेवर उभी राहा.’ ती राहिली. दोन्ही बाजूंना वावभर जागा मोकळी. ‘आता तीन पावलं चेंडूकडे ये.’ ती पुढे आली तशा दोऱ्या तिच्या जवळ आल्या. आता हात-पाय पसरले की दोन्हीकडे पोचत होते. गोल तेवढेच, मुलगी तीच. फक्त उभे राहण्याची जागा बदलली. गोलरक्षणातला कोन म्हणजे काय, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी समजले. माझ्या कॉलेजात ती दहा रुपयांची दोरी कोणी आणली असती तर!

नंतर सरावात भाचीवर लागोपाठ चार गोल झाले. ती रडवेली झाली. मला वाटले, बाई रागावतील. त्यांनी एवढेच विचारले, ‘फटका बसायच्या आधी तुझे पाय कुठे होते?’ मुलगी विचार करू लागली. ‘गोल का झाला’ असे विचारले असते तर ती स्वतःला दोष देत बसली असती. पायांबद्दल विचारले म्हणून तिला उत्तर शोधता आले. दोष देणे आणि चूक दाखवणे यांतले अंतर मी त्या सकाळी मातीच्या मैदानावर पाहिले. 1982 मध्ये आपण साऱ्या देशाने नेगींना दोष दिला. पाय कुठे होते, बाकीचे दहा जण कुठे होते, हे शांतपणे कोणी विचारले?

2007 मध्ये ‘चक दे! इंडिया’ आला. मी मुलीला घेऊन पनवेलला बघायला गेलो. नेगींनीच त्यातल्या अभिनेत्रींना हॉकी शिकवली होती. कथा मात्र त्यांची नाही, ती 2002 च्या महिला संघाच्या यशावरून सुचली, असे लेखक जयदीप साहनी यांनी सांगितले आहे. चित्रपटातला कबीर खान गोलरक्षक नाही, आघाडीचा खेळाडू आहे, आणि तो मुसलमान आहे. संघाची कप्तान आणि गोलरक्षक मात्र विद्या माळवदे यांनी साकारली आहे. अंधारात बसून मला शाळेतला तो प्रश्न आठवला. पडद्यावरच्या माणसावर त्याच्या नावामुळे संशय घेतला गेला, प्रत्यक्षातल्या माणसावर त्याचे नाव तसे नसतानाही. अब्बांचे म्हणणे मला तेव्हा नीट उमगले. संशयाला आधी माणूस हवा असतो. कारण तो मागाहून शोधतो.

आता काळ थोडा बदलला आहे, हे सांगून थांबतो. जूड मेनेझिस हे आपल्या मुंबईचे गोलरक्षक. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. पुढे परदेशात प्रशिक्षक झाले. जानेवारी 2024 मध्ये रांचीला पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा झाली. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात जपानच्या महिलांनी भारताला 1-0 असे हरवले आणि आपल्या मुलींचे ऑलिंपिक हुकले. भारताला पेनल्टी कॉर्नर अनेक मिळाले, गोल एकही झाला नाही. जपानचे प्रशिक्षक होते मेनेझिस. मला वाईट वाटले, पण त्यांना कोणी गद्दार म्हटल्याचे मी तरी ऐकले नाही. विद्या देणारा ती मागेल त्याला देतो, एवढे आपल्याला समजू लागले असावे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसचे कांस्यपदक गळ्यात घालून पी. आर. श्रीजेश निवृत्त झाला, आणि लगेच ज्युनियर संघ त्याच्या हाती देण्यात आला. डिसेंबरमध्ये त्याच्या मुलांनी मस्कतला पाकिस्तानला 5-3 असे हरवून ज्युनियर आशिया कप जिंकला. त्या संध्याकाळी मला लोधिवलीची टपरी आठवली. टपरी आता नाही, चहावालाही नाही. अब्बाही नाहीत.

भाचीचा फोन आला होता. म्हणाली, ‘मामू, बघितलंत? आमच्यातला आहे.’

मी विचारले, ‘आमच्यातला म्हणजे?’

‘म्हणजे काय, गोलकीपर!’ ती म्हणाली.