खाच किती रुंद ठेवावी?
नेम आणि नजर : लेखांक ६

मागच्या लेखांकात पिस्तुलाची मूठ आणि मनगट यांचा विचार केला. आता साइटकडे वळू. स्पर्धेच्या पिस्तुलावर दुर्बीण, आरसा किंवा लाल ठिपक्याची साइट चालत नाही. पुढे एक काळी पट्टी, मागे एक चौकोनी खाच, एवढ्याच सामग्रीवर नेम धरायचा असतो. चांगल्या एअर पिस्तुलांत या दोन्हींची रुंदी बदलता येते. पुढची पट्टी, म्हणजे फ्रंट साइट, साधारणपणे ४, ४.५ किंवा ५ मि.मी.ची मिळते आणि मागची खाच स्क्रू फिरवून अरुंद-रुंद करता येते. नवा नेमबाज बहुधा फ्रंट साइटच्या रुंदीवर डोके शिणवतो आणि खाच विकत घेतली तशीच ठेवतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. फ्रंट साइटच्या निवडीत बरीच मोकळीक असते. खरा निर्णय असतो तो तिच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या उजेडाच्या फटींचा, म्हणजेच खाचेचा. आणि तो डोळा व प्रकाश पाहून घ्यायचा असतो.

फ्रंट साइट काळ्या गोलाएवढी रुंद दिसावी, हा सर्रास सांगितला जाणारा नियम आधी तपासू. डोळ्यापासून खाच ६५ सेंमी आणि फ्रंट साइट ९७ सेंमी अंतरावर आहे असे धरा. मोठ्या माणसाच्या हाताला आणि सुमारे ३२ सेंमी साइट-अंतराच्या पिस्तुलाला हे माप जवळपास लागू पडते. अशा वेळी ४.५ मि.मी.ची पट्टी १० मीटरवरच्या लक्ष्यावर सुमारे ४६ मि.मी. जागा व्यापते. एअर पिस्तुलाच्या लक्ष्याचा काळा गोल ५९.५ मि.मी.चा असतो, म्हणजे पट्टी त्याच्या पाऊण भागाहून किंचित जास्त दिसते. इथपर्यंत नियम पटण्याजोगा वाटतो. पण कोल्हापूरच्या राही सरनोबतने ज्या प्रकारात २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तो महिलांचा २५ मीटर पिस्तूल प्रकार पाहा. त्यात पहिल्या ३० गोळ्या २०० मि.मी. काळा गोल असलेल्या लक्ष्यावर सावकाश मारायच्या असतात आणि पुढच्या ३० गोळ्या ५०० मि.मी. काळ्या गोलावर, प्रत्येक गोळीला फक्त तीन सेकंद मिळतील अशा. पिस्तूल दोन्ही टप्प्यांत एकच. त्यावरही ४.५ मि.मी.ची पट्टी आणि तीच अंतरे धरली, तर ती पहिल्या लक्ष्यावर गोलाच्या निम्म्याहून थोडी जास्त दिसेल आणि दुसऱ्यावर पाव भागाहूनही कमी. पट्टी आणि गोल सारखे दिसणे ही जर अटच असती, तर हा प्रकार एका पिस्तुलाने खेळताच आला नसता. शिवाय १० मीटरला पुष्कळ नेमबाज गोलाच्या खालच्या पांढऱ्या जागेत नेम धरतात. तिथे पट्टीची तुलना गोलाच्या रुंदीशी होतच नाही.

मग डोळा तुलना कशाची करतो? डावीकडच्या आणि उजवीकडच्या फटीची. दोन खिडक्यांच्या मधोमध तसबीर टांगताना आपण जसा दोन्हीकडचा अंतराचा समतोल बघतो, तसाच. हा समतोल बिघडला तर किंमत मोठी मोजावी लागते. ३२ सेंमी साइट-अंतरावर फ्रंट साइट खाचेत ०.१ मि.मी. सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३ मि.मी. सरकतो. उलट, साइट जुळलेल्या असताना पिस्तूल जसेच्या तसे ३ मि.मी. बाजूला गेले, तर छर्राही तेवढाच, ३ मि.मी. जातो. म्हणजे हाताचे दिसणारे डोलणे जितके घातक वाटते तितके नसते, आणि साइटमधला जेमतेम दिसणारा फरक वाटतो त्यापेक्षा फार महाग पडतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मि.मी. आणि छर्ऱ्याचा ४.५ मि.मी. धरला, तर ०.२५ मि.मी.ची चूक दहाची अगदी कड गाठते. त्याहून अधिक चूक झाली की नऊ.

इथे एक वाजवी आक्षेप येतो. फरक इतका बारीक असेल तर फटी अरुंदच हव्यात. कारण दोन अंतरांतला फरक डोळा प्रमाणाने ओळखतो आणि अरुंद फटीत थोडा फरकही प्रमाणाने मोठा ठरतो. तर्क बरोबर आहे, पण त्यात फटीच्या कडा धारदार दिसतात असे गृहीत आहे. तशा त्या दिसत नाहीत. नजर फ्रंट साइटवर ठेवली की खाच धूसर होते; डोळा एका वेळी एकाच अंतरावर पुरता स्थिरावतो. वरच्याच अंतरांवर बाहुली ३ मि.मी. उघडी असेल, तर खाचेच्या प्रत्येक कडेला साधारण १ मि.मी. रुंदीचा धूसर पट्टा पडतो आणि त्याचा निम्मा भाग आत, फटीवर येतो. आता हिशेब लावा. ४.५ मि.मी.ची पट्टी खाचेच्या जागी ३ मि.मी. दिसते. खाच ४ मि.मी.ची असेल तर दोन्हीकडे अर्धा-अर्धा मि.मी. फट उरते, आणि धूसरपणा नेमका तेवढाच भाग खातो. म्हणजे उजळ फट नावालाही उरत नाही, डोळ्याला दिसतात त्या दोन करड्या रेघा. खाच ५ मि.मी. केली की फट १ मि.मी.ची होते आणि तिच्यात निखळ उजेड दिसू लागतो. तेव्हा अरुंद फटीचा फायदा खरा, पण तो धूसरपणाच्या रुंदीपर्यंतच. त्याहून फट कमी केली की बारीक फरक ओळखण्याची जागाच नाहीशी होते.

बाहुलीचा आकार उजेडावर ठरतो, आणि जालना जिल्ह्यातल्या नेमबाजाने या मुद्द्यावर विशेष थांबावे. शाळेच्या सभागृहात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये १० मीटरची रेंज मांडली, तर तिथला उजेड दुपारी एक आणि संध्याकाळी दुसराच असतो. बाहेर मराठवाड्यातले ऊन असले तरी आत बाहुली ४ मि.मी.पर्यंत उघडू शकते आणि धूसर पट्टा सव्वा मि.मी.च्या वर जातो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सज्ज असलेल्या रेंजवर मात्र लक्ष्यावर किमान १५०० लक्स प्रकाश असतो. मंद शेडमध्ये बसवलेली खाच तिथे सैल वाटेल आणि लखलखीत रेंजवर बसवलेली खाच शेडमध्ये बुजून जाईल. म्हणून खाचेचे माप एकदा ठरवून कायमचे विसरण्याचे नाही. चष्म्यावरचा आयरिस, म्हणजे लहान-मोठे करता येणारे छिद्र, लहान करून धूसरपणा कमी करता येतो आणि ते नियमात बसते, पण तो उजेडही कमी करतो. मंद जागी त्याच्यावर विसंबण्यापेक्षा खाच थोडी उघडलेली बरी.

दुसरा आक्षेप अनुकरणाचा: नावाजलेले नेमबाज जी मापे वापरतात तीच का घेऊ नयेत? कारण ती त्यांच्या हाताच्या लांबीची आणि त्यांच्या डोळ्यांची असतात. हात १० सेंमी आखूड असलेल्या मुलाला तीच ४.५ मि.मी.ची पट्टी सुमारे ११ टक्के रुंद दिसते. फटी आणि धूसरपणाही बदलतात. एकच पिस्तूल दोघे वापरत असतील, तर खाचेच्या स्क्रूचा प्रत्येकाचा आकडा वहीत लिहून ठेवणे हाच मार्ग. तिसरा आक्षेप पोलिसी शस्त्रांचा. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ जालन्यातच असल्याने तो इथे सहज पुढे येतो: शासकीय पिस्तुलाच्या साइट बहुधा स्थिर असतात, तरी नेम लागतो, मग हा खटाटोप कशाला? त्या शस्त्राला होल्स्टरमधून अडखळता न निघणे आणि जवळच्या अंतरावर क्षणार्धात दिसणे महत्त्वाचे असते. ११.५ मि.मी.चे वर्तुळ साठ वेळा गाठणे हे त्याचे काम नव्हे.

निवड कशी करावी? फ्रंट साइट मधली, ४.५ मि.मी.ची, घ्या आणि ती स्थिर ठेवा. खाचेची तीन मापे ठरवा: फटी जेमतेम दिसतील असे, स्पष्ट दिसतील असे आणि थोड्या सैल वाटतील असे. प्रत्येक मापावर दहा-दहा छर्ऱ्यांच्या मालिका वेगवेगळ्या दिवशी, क्रम बदलून मारा. एकूण गुण पाहू नका. छर्रे आडवे किती पसरले ते मोजा, कारण खाचेची रुंदी प्रामुख्याने आडव्या चुकीवर परिणाम करते; उभी चूक साइटचे माथे समपातळीत नसल्याने येते. प्रत्येक मालिकेत ट्रिगर दाबायला किती वेळ लागला तेही लिहा. फटी फार अरुंद असल्या की नेमबाज पूर्ण समतोलाची वाट पाहत राहतो, हात थकतो आणि शेवटी ट्रिगर झटक्याने ओढला जातो. सैल खाचेचा आडवा पसारा अरुंद खाचेइतकाच येत असेल, तर सैल खाच निवडा. तेवढ्याच अचूकतेसाठी ती डोळ्याकडून कमी श्रम मागते, आणि साठाव्या छर्ऱ्यापर्यंत डोळा ताजा राहणे हीही गुणांचीच बाब आहे.

(पुढील लेखांकात : ट्रिगरचे वजन आणि बोटाची जागा)