आमच्या श्रावणातला त्यांचा उन्हाळा

भजनाची तालीम चालू होती आणि लेकीचा फोन आला. आमच्याकडे रात्रीचे आठ, तिच्याकडे दुपारचे साडेचार. ‘बाबा, ऐका,’ म्हणाली आणि तिनं फोन खिडकीबाहेर धरला. पाऊस पडत होता. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा पाऊस. बारीक, सरळ, दोऱ्या सोडल्यासारखा तासन् तास पडत राहतो, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला नावही दोरीवरूनच दिलंय. मी उठून ओट्यावर आलो आणि माझा फोन पागोळ्यांपाशी धरला. आमचा पाऊस घाटावरून येतो तो कोसळतच. थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही.

भिसेगावात आमचं घर कर्जत स्टेशनच्या जवळच. मी पेटी वाजवतो आणि दुरुस्तही करतो. भाता फुटला की कातडं लावायचं, सूर उतरला असेल तर पितळी जिभेचं टोक हलकेच खरवडायचं, चढला असेल तर मुळाशी खरवडायचं. हात जड पडला तर सूर गेलाच. लेक हे बघत वाढली. तिची बोटं पेटीवर बसली, मग शाळेत असतानाच पियानोची ओढ लागली आणि कर्जत लोकलनं मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. कर्जत ते सीएसएमटी १०० किलोमीटर, दोन तास जायला, दोन यायला. घरात पियानो मावत नाही, परवडतही नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर रियाझ व्हायचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं युरोपातल्या उन्हाळी संगीतवर्गाचा अर्ज भरला आणि निवड झाली.

तेव्हापासून गावात मला एकच प्रश्न विचारतात : दोन आठवड्यांत असं काय शिकणार? प्रश्न रास्त आहे. पेटीवर नुसती बोटं बसायला वर्ष जातं. म्हणून हे वर्ग असतात तरी कसे, ते जरा नीट सांगतो.

ही पद्धत शंभर वर्षांची आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ साली, पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या राजवाड्यात अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संगीतशाळा निघाली. पहिल्याच तुकडीत एरन कोपलंड होता, पुढे अमेरिकेचा मोठा संगीतकार झाला तो. तिथे शिकवायला नादिया बुलांजे होत्या. या बाईंचा आपल्याशीही संबंध आहे. मुंबईचे वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीतून निघाल्यावर पॅरिसला त्यांच्याकडेच शिकले. हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरून निघालेल्या ‘भूमिका’ चित्रपटाचं संगीत भाटियांचं. तो चित्रपट मी कितीदा पाहिला असेन. त्यामागची तालीम कुठली, हे मला लेकीमुळे कळलं.

दुसरी गोष्ट इटलीतल्या सिएना गावची. तिथल्या एका काउंटनं १९३२ साली आपल्या वाड्यातच संगीताची अकादमी काढली आणि उन्हाळी वर्ग भरू लागले. १९५६ च्या उन्हाळ्यात ऑर्केस्ट्रा चालवायला शिकवणाऱ्या वर्गात तीन मुलं एकत्र आली : २० वर्षांचा झुबिन मेहता, २३ वर्षांचा क्लाउदिओ अब्बादो आणि १३ वर्षांचा डॅनियल बॅरेनबॉइम. झुबिन मुंबईचा, व्हिएन्नाला शिकत होता. त्या वाड्यात जमलेली दोस्ती पुढे आयुष्यभर टिकली.

तर दोन आठवड्यांचं उत्तर. अशा वर्गात आपला स्वतःचा धडा थोडाच असतो. आठवड्याला दोन-तीन, फार तर चार. बाकी वेळ दुसऱ्यांचे धडे ऐकायचे. एक जण वाजवतो, गुरू त्याला थांबवतात, सुधारतात, परत वाजवायला लावतात, आणि बाकीचे स्वरलिपीची वही मांडीवर घेऊन बसतात. याला ते मास्टरक्लास म्हणतात. बऱ्याच ठिकाणी नुसतं ऐकायला येणाऱ्यांचीही नोंदणी होते, त्यांची फी कमी असते. हे ऐकलं आणि मला माझे बुवा आठवले. त्यांच्याकडे आम्ही दहा-बारा पोरं भिंतीला टेकून बसायचो. ज्याची पाळी नाही त्यानंही ऐकायचं, बोलायचं नाही. मला जे आलं त्यातलं निम्मं दुसऱ्यांच्या चुका ऐकून आलं. युरोपात जाऊन लेकीला सापडलं ते हेच, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

तिच्या पहिल्या धड्याची हकीकत सांगतो. मोझार्टचा एफ मेजरमधला सोनाटा, के. ३३२, त्यातला संथ भाग. आमच्या भाषेत सोनाटा पांढरी चारचा आणि हा मधला भाग काळी पाचचा. आठ-दहा मात्रा झाल्या असतील, शिकवणाऱ्या बाईंनी हात वर केला. पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, गा. लेक गोंधळली. गाण्याचे शब्दच नव्हते. मग तिला सुचलं आणि काळी पाचचा सा धरून ती सगळी ओळ सरगममध्ये गायली. वर्गात चौदा जण होते. बाईंनी तिला पुन्हा गायला लावलं आणि विचारलं, ‘इथे तू श्वास घेतलास. मग वाजवताना का घेत नाहीस?’ त्या एका प्रश्नावर उरलेला तास गेला. रात्री फोनवर सांगताना तिचा आवाज भरून आला होता.

आता व्यवहाराचं, कारण खेड्यापाड्यातली पोरं अडतात ती इथे. एक, स्वरलिपी वाचता आलीच पाहिजे. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षा दिलेल्या असल्या तर ही तयारी होते. दोन, निवड रेकॉर्डिंगवर होते. लेकीचं पहिलं रेकॉर्डिंग घरच्या कीबोर्डवर केलं, तर नेमका सोनाट्याच्या शेवटाला घाट चढणाऱ्या गाडीला लागलेल्या बँकर इंजिनाचा भोंगा त्यात आला. मग मुंबईत तासावर खोली घेऊन खऱ्या पियानोवर केलं. तीन, व्हिसा. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, प्रवास विम्याचं कवच किमान ३० हजार युरोचं हवं, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेमध्ये तारीख मिळायला मारामार, तेव्हा निवडीचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात कामाला लागायचं. फीपेक्षा विमान आणि राहणं महाग पडतं. शिष्यवृत्ती मागायला संकोच करू नये. बहुतेक अर्जांत त्याचा रकाना असतो आणि आपली मुलं तो कोरा सोडतात.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पैशाची नाही. त्यांचा उन्हाळा जुलै-ऑगस्टचा. आपली सुट्टी तेव्हा संपलेली असते. शेतात लावणी चालू असते आणि कॉलेज जूनपासून भरलेलं असतं. हजेरीची ७५ टक्क्यांची अट डोक्यावर. लेकीच्या परवानगीसाठी मी कॉलेजच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. तिथे प्रत्येक वेळी हेच ऐकलं, की सहलीसाठी हजेरी माफ होत नाही. ही सहल नाही, हे समजावता समजावता माझा घसा सुकला. शेवटी तिच्या एका प्राध्यापिकेनं पत्र लिहून दिलं. क्रीडास्पर्धेला गेलेल्या मुलाची हजेरी धरतात, तशी संगीत शिकायला गेलेल्याची का धरू नये? युरोपातले काही वर्ग श्रेयांकही (क्रेडिट) देतात. त्यांच्याकडे एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. आपल्याकडे आता श्रेयांकांची बँक निघाली आहे. कॉलेजांनी मनावर घेतलं तर वाट निघेल, आणि ती काढावी असं मी कळकळीनं म्हणतो. अशी देवाणघेवाण आपल्याला नवी नाही, पेटीचंच बघा. हार्मोनियम पॅरिसचा, अलेक्झांदर दबँ यानं १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं. आज तो आमच्या प्रत्येक देवळात आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तर बावीस श्रुतींचा अभ्यास करून श्रुतींची पेटी घडवून घेतली. शिकायला माणसं आणि वाद्यं इकडून तिकडे जातच असतात; आडवा येतो तो हजेरीचा कागद.

लेक परत आली तेव्हा गणपती तोंडावर आले होते. आमच्या भजनी मंडळात आठवीतला एक मुलगा माझ्याकडे पेटी शिकतोय. हात चांगला, पण वाजवणं कोरडं. त्या संध्याकाळी ती त्याच्यामागे बसून सगळं ऐकत राहिली. मग पुढे झाली, भाता मिटून खटका लावला आणि म्हणाली, ‘आधी म्हण.’

पोरगा लाजला, मग डोळे मिटून त्यानं गजर म्हटला. तिनं भाता उघडून त्याचा सूर शोधला. काळी दोनला लागला. गेले आठ महिने मी त्याला पांढरी चारमध्ये वाजवायला लावत होतो; त्याचा गळा कुठे लागतो हे मी कधी ऐकलंच नव्हतं. लेकीनं पेटी त्याच्याकडे सरकवली. त्यानं काळी दोनवर बोट ठेवलं आणि भाता ओढायच्या आधी श्वास घेतला.