मागच्या सीटवर कोण बसणार?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील व्यापारी कुटुंबांत मोटरसायकल ही अनेक वर्षे दुकानाचीच गाडी होती. सकाळी वसुली, दुपारी बँक, संध्याकाळी माल पोचवणे, एवढेच तिचे आयुष्य. आता त्याच घरातील तरुण पिढी दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीला माळशेज घाट गाठते, विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थावर दर्शन घेऊन दिवेलागणीपूर्वी परतते, आणि वर्षातून एकदा मांगीतुंगीपर्यंत जाण्याचे मनसुबे रचते. अशा प्रवासासाठी गाडी हवी, असा विषय जेवणाच्या ताटावर निघाला की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशाला? दुसरा प्रश्न असतो: घ्यायचीच तर जुनी का नाही? परिग्रहाची मर्यादा पाळणाऱ्या घरात हा दुसरा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही तो चुकीचा नाही. महिन्यातून तीन-चार दिवस चालणाऱ्या गाडीत नव्या गाडीइतके भांडवल अडकवण्याचे कारण नसते.

जुन्या बाजारात शोध सुरू झाला की बहुधा दोन गाड्यांपाशी येऊन विचार थबकतो. २०२० च्या उत्तरार्धात, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दोन मोटरसायकली बाजारात आल्या: होंडाची हायनेस सीबी ३५० आणि रॉयल एनफील्डची मीटिऑर ३५०. दोन्हींना एकच सिलिंडर, दोन्हींना पाच गिअर, दोन्हींच्या टाकीत १५ लिटर पेट्रोल, दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांना एबीएस, आणि दोन्ही बीएस-६ मानकाच्या. एकीचे इंजिन ३४८ सीसीचे, दुसरीचे ३४९ सीसीचे. ताकद दोघींची वीस-एकवीस अश्वशक्तीच्या आसपास. कागदावर त्यांना शेजारी ठेवले तर निवड करणे म्हणजे एकाच गिरणीच्या दोन ताग्यांतून एक निवडण्यासारखे वाटते.

फरक आहे तो बसण्यात. मीटिऑरची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर, हायनेसची ८०० वर. मीटिऑरमध्ये पायदाने पुढे आहेत, चालक आरामखुर्चीत टेकल्यासारखा बसतो. हायनेसमध्ये पाठ सरळ राहते आणि पाय शरीराच्या खाली येतात. मीटिऑरचे वजन १९१ किलो, हायनेसचे १८१. कल्याणच्या जुन्या वस्तीत, जिथे गाडी रोज रात्री जिन्याखाली आडवी करून लावावी लागते, तिथे हे दहा किलो जाणवतात. उलट उंचीने कमी असलेल्या चालकाला, विशेषतः मागे कोणी बसलेले असताना सिग्नलवर दोन्ही पाय जमिनीला टेकवता येणे हा मीटिऑरचा मोठा आधार आहे. हायनेसचे गिअर लांब पल्ल्याचे आहेत. महामार्गावर ती निवांत पळते, पण शिळफाट्याच्या रांगेत वारंवार खालचा गिअर घ्यावा लागतो. रस्त्यांच्या खड्ड्यांचेही तसेच. पाय पुढे ठेवून बसलेल्या चालकाला खड्ड्यावर किंचित उठून धक्का पायांवर घेता येत नाही, तो थेट कण्यात जातो. ज्याला कमरेचा त्रास आहे त्याने मीटिऑर घेण्यापूर्वी घोडबंदर रस्त्यावर गायमुखपर्यंत अर्धा तास ती चालवून पाहावी. दुकानाच्या दारातला फेरा काहीच सांगत नाही.

हे सारे चालकाचे झाले. आपल्या घरांत मात्र गाडी एकट्याची राहत नाही. मित्रांबरोबर दोन फेऱ्या झाल्या की तिसऱ्या वेळी पत्नी म्हणते, मलाही दर्शनाला यायचे आहे. पुढे एखाद्या सकाळी आई निघते, ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळच्या मुनिसुव्रतस्वामींच्या जिनालयापर्यंत का होईना. म्हणून या दोन गाड्यांतील निवड करताना मागच्या सीटचा विचार आधी व्हायला हवा. मीटिऑरच्या वरच्या दोन प्रकारांत, म्हणजे स्टेलर आणि सुपरनोव्हामध्ये, मागे बसणाऱ्याला पाठटेकू मिळतो. मूळ फायरबॉल प्रकारात तो नव्हता. सुपरनोव्हाला पुढे वाऱ्याची काचही होती. हायनेसची सीट एकसंध आणि सपाट आहे. तासाभरासाठी ती सुखाची, पण पाठीला टेकायला काही नाही. कल्याणहून मांगीतुंगी एका दिशेने सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. तेवढा प्रवास मागे बसून करणाऱ्या व्यक्तीला पाठटेकू ही चैन वाटणार नाही.

जुनी गाडी बघताना आणखी एक गोष्ट हमखास निसटते. पहिला मालक तरुण असेल तर त्याने शोभेसाठी साडी-गार्ड आणि मागचा पकडदांडा काढून टाकलेला असतो. गाडी त्यामुळे देखणी दिसते, पण मागे बसणाऱ्याच्या हाताला आधार राहत नाही आणि ओढणी चाकात जाण्याचा धोका उघडा पडतो. हे भाग विक्रेत्याकडे माळ्यावर पडलेले असतात. सौदा होण्यापूर्वी ते मागून घ्यावेत, नंतर ते सापडत नाहीत. सीटचे आवरणही हाताने तपासावे. बाहेरून बसवलेली काही आवरणे आणि लोंबत्या पिशव्या चामड्याच्या असतात. हातमोजे, जॅकेट आणि बूट कापडी किंवा कृत्रिम साहित्याचे सहज मिळतात, त्यामुळे या हौसेसाठी चामडे घरात आणण्याचे कारण उरत नाही.

प्रवासाची शिस्त ठरलेली असली की निवड सोपी होते. चौविहार पाळणाऱ्याला सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोचायचे असते. तो पहाटे निघतो आणि दिवसभर साठ-सत्तरच्या वेगाने जातो. अंधारात दिव्यावर आणि हेल्मेटच्या काचेवर आदळणारे जीव हेही रात्र टाळण्याचे कारण आहेच. अशा चालकाला दोन्ही गाड्यांच्या कमाल वेगातील फरकाशी काही देणेघेणे नाही. तसेच चातुर्मासाचे. माळशेजला गर्दी उसळते ती नेमकी पावसाळ्यात. पण ज्या घरात चातुर्मासात प्रवास आवरला जातो, तिथे गाडी आषाढापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत बहुतेक उभीच राहणार. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, साखळीला गंज धरतो. आठवड्यातून एकदा ती जवळच फिरवून आणावी आणि साखळीला तेल द्यावे, एवढी व्यवस्था आधीच मनात धरावी. बाकी हा नियम पाळणारा कल्याणचा व्यापारी माळशेजला हिवाळ्यात जाईल, तेव्हा घाट कोरडा असेल आणि शेजारच्या नाणेघाटाकडे निवांत पाहता येईल. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातला माल त्याच वाटेने जुन्नरला चढत असे.

मॉडेलचा निर्णय झाला तरी काम निम्मेच झालेले असते. जुन्या बाजारात मॉडेल विकत मिळत नाही, विशिष्ट नंबरची एक विशिष्ट गाडी मिळते. चांगल्या जपलेल्या हायनेससमोर हेळसांड झालेली मीटिऑर ठेवली तर पाठटेकूचा सारा युक्तिवाद बाजूला ठेवावा. पाहायला जाताना इंजिन थंड असावे, असे विक्रेत्याला आधी सांगून ठेवावे. गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मीटरवर आठ हजार किलोमीटर दिसत असतील आणि २०२१ च्या गाडीला २०२४ चे टायर असतील, तर टायर इतक्या लवकर का बदलले याचे उत्तर मिळाले पाहिजे. वहीतला आणि गल्ल्यातला आकडा जुळवणाऱ्यांना ही पद्धत शिकवावी लागत नाही.

या भागात पुराची शंका वेगळी घ्यावी लागते. उल्हास आणि वालधुनीचे पाणी चढले की कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या सखल वस्त्यांतील वाहने त्यात उभी राहतात. २००५ आणि २०१९ च्या जुलैतील पूर तर सर्वांच्या स्मरणात आहेत, पण लहानसहान पाणी अनेक पावसाळ्यांत येते. धुऊनपुसून ठेवलेल्या गाडीतही सीटखाली वायरींच्या जोडांवर हिरवट थर, एअर फिल्टरच्या पेटीच्या कोपऱ्यात गाळ, हेडलाइटच्या काचेच्या आत ओलाव्याची रेघ सापडते. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची चौकशीही करावी. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलमधील दोषासाठी २,३६,९६६ गाड्या तपासणीला बोलावल्या. त्यांत डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तयार झालेल्या मीटिऑर होत्या. होंडानेही हायनेसच्या काही गाड्या गिअरबॉक्समधील एका भागासाठी २०२१ मध्ये बोलावल्या होत्या. चॅसिस क्रमांक दिला की अधिकृत सेवा केंद्र सांगते, या गाडीचे ते काम झाले की नाही. हायनेसची सेवा होंडाच्या सर्वसाधारण दुकानांत नव्हे तर बिगविंग या वेगळ्या दालनांत होते, आणि अशी दालने मोजकी आहेत, हेही डोंबिवलीकराने हिशेबात धरावे.

किमतीबाबत एकच सूचना, पण ती महत्त्वाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे याच गाड्या नव्या घेताना, कराचा पूर्ण लाभ दिला गेला तर, जवळपास आठ टक्क्यांनी स्वस्त पडतात. विक्रेता मात्र बहुधा स्वतः मोजलेली जुनी किंमत मनात धरून भाव सांगतो. आजच्या नव्या किमतीवरून उलटे गणित मांडूनच बोलणी करावी.

आता कागद, कारण खरा धोका तिथे आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. २०२१ च्या अखेरीस घेतलेल्या गाडीचा हा विमा २०२६ च्या अखेरपर्यंत चालू असतो. म्हणून विक्रेता प्रामाणिकपणे म्हणतो, विमा आहे. पण त्याच वेळी घेतलेला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एका वर्षाचाच असतो आणि अनेकांनी त्याचे नूतनीकरण केलेलेच नसते. उरते ती केवळ कायद्याने अनिवार्य असलेली पॉलिसी. अशी पॉलिसी मोटरसायकलवर मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी विमा कंपनीवर टाकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात सांगितले. सर्वसमावेशक पॉलिसीत ती व्यक्ती संरक्षित असते. म्हणजे पाठटेकू पाहून, पकडदांडा बसवून आईला मागे बसवले, तरी कागदावर ती सीट रिकामीच राहिलेली असू शकते. गाडी घरी आणण्यापूर्वीच सर्वसमावेशक विमा घ्यावा. पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठीचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो. आधीच्या मालकाची नो क्लेम सवलत खरेदीदाराला मिळत नाही, ती त्याच्याकडेच राहते.

दुसरा प्रश्न नावाचा. व्यापारी घरांत वाहन वडिलांच्या किंवा फर्मच्या नावावर घेण्याची रीत आहे. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा मात्र पॉलिसीच्या अटींनुसार नोंदणीकृत मालक स्वतः, वैध परवान्यासह गाडी चालवत असेल तेव्हाचा असतो. भागीदारी संस्था किंवा कंपनी मालक असेल तर तो दिलाच जात नाही. गाडी चालवणार मुलगा आणि नाव वडिलांचे, ही रचना दुकानाच्या भाडेकरारात चालेल, घाटातल्या प्रवासात ती मुलालाच उघड्यावर टाकते. जो चालवणार त्याच्या नावावर गाडी असावी. ते शक्य नसेल तर त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा काढावा.

नोंदणी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात, कर्ज असेल तर नमुना ३५ वर बँकेची सही लागते. कल्याणची एमएच-०५ गाडी ठाण्यात आली म्हणून तिचा क्रमांक एमएच-०४ होत नाही, तो तसाच राहतो. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. यात विकणाऱ्याचेही हित आहे. २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल आणि भरपाईचे दायित्व त्याच्यावर येईल, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो. ज्यांच्या घरची जुनी गाडी ओळखीच्या माणसाला कोऱ्या कागदांवर सह्या करून दिलेली आहे, त्यांनी ती आज कोणाच्या नावावर दिसते हे परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून पाहावे. थकीत दंडाची ई-चलानेही ऑनलाइन तपासता येतात. सौद्याची उरलेली रक्कम ती चलाने भरून झाल्यावर आणि नमुन्यांवर दोघांच्या सह्या झाल्यावरच द्यावी, आणि दोन्ही किल्ल्या त्याच वेळी मोजून घ्याव्यात.